६१७४ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत उत्तर ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४च उरतात. जगभरात ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आईचे छत्र आठव्या वर्षीच हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. मुलाला आकडेमोडीची गोडी लागली ती तिथूनच. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पुढचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळामास्तरकी केली.

विद्यापीठीय वर्तुळात या मास्तरांना फारसे स्थान नव्हते. त्यांचे काम म्हणजे निव्वळ आकड्यांचे खेळ, असा अनेकांचा समज होता. कापरेकरांनी त्याची पर्वा केली नाही. मद्रासच्या गणित परिषदेत १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या परदेशी नियतकालिकात त्यावर टिपण आले. बरेचसे लेखन मात्र छोट्या पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच प्रसिद्ध करावे लागले.

हा खेळ वाटतो तितका पोरकट नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांमधील फरक, आणि मधल्या दोन अंकांमधील फरक. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच पायरीत अवघ्या ५४ उत्तरांवर येऊन ठेपतात आणि ती सारी ९ ने भागली जातात. तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक ४९५ आहे. दोन किंवा पाच अंकी संख्यांना मात्र असा एकमेव मुक्काम नाही.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' हे गोड नाव दिले. ६१७४ स्वतःच हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना त्यांचेच नाव मिळाले.

निवृत्तीनंतरचे दिवस ओढाताणीचे होते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्या कामाविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन वजाबाकी सुरू केली, तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४ आणि ४१७६ असे टप्पे घेत सातव्या पायरीला ६१७४ येते. १९८६ पहिल्याच पायरीत ८१७२ वर येऊन याच वाटेला मिळते आणि सहाव्या पायरीला पोहोचते.