ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ होत. माहेरचे आडनाव केळकर. प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही. त्यानंतर राजकोट येथे स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी काम करून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या.

इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले होते. मूल हे लहान आकाराचे प्रौढ नसून त्याच्या मनाची वाढ स्वतंत्र क्रमाने होते, हाताला काम मिळाले की बुद्धीही जागी होते आणि शिक्षा व बक्षीस या दोहोंचीही त्याला गरज नसते, हे त्यांचे प्रमुख विचार. छडीवाचून शाळा ही कल्पनाच ज्या काळी अशक्य वाटे, त्या काळी ताराबाईंनी व गिजुभाईंनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापून या विचारांचा प्रसार केला. ‘शिक्षण पत्रिके’तून ताराबाईंनी तो मराठी पालकांपर्यंत नेला. १९३६ पासून दादरच्या शिशुविहारात त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले.

मात्र माँटेसरी साधने महाग होती आणि शाळा शहरी मध्यमवर्गाच्या झाल्या होत्या. खरी कसोटी १९४५ साली बोर्डी (तेव्हाचा ठाणे जिल्हा) येथे लागली. बालवाडी उघडली, तरी दलित व आदिवासी वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी व खेळ. आयात साधनांची जागा शंखशिंपले, खडे, पाने, बिया यांनी घेतली. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व तेच राहिले, खर्च मात्र जवळजवळ उरला नाही. माँटेसरीच्या अनेक निष्ठावंत अनुयायांना न साधलेले हे रूपांतर ताराबाईंचे सर्वांत मोठे कार्य मानावे लागेल.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे काम वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरे. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींना शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना देशभर ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.