विश्लेषण : भूमिगत अणुचाचणीचा माग हवेतून कसा लागतो? अल्वारेझ यांची ८० वर्षांपूर्वीची युक्ती काय होती?

उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ रोजी जमिनीखाली अणुस्फोट केला. सुमारे दोन आठवड्यांनी थेट कॅनडातील यलोनाइफ केंद्राने हवेत झेनॉन-१३३ हा किरणोत्सारी वायू टिपला. या वायूवरून माग काढण्याची कल्पना मात्र दुसऱ्या महायुद्धातली. ती लढवणारे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे लुईस अल्वारेझ.

जर्मनीत काय शोधायचे होते?

अल्वारेझ यांचा जन्म १९११ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. रडारवर काम करून ते अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात आले. हिटलरची अणुभट्टी सुरू झाली आहे का, ही प्रकल्पप्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांची चिंता होती. अल्वारेझ यांनी झेनॉन शोधायला सुचवले.

झेनॉनच का?

युरेनियमच्या विखंडनात झेनॉन-१३३ तयार होतो. तो निष्क्रिय वायू असल्याने कशाशी संयोग पावत नाही आणि बाहेर निसटतो. अर्धायुष्य जेमतेम पाच दिवसांचे, म्हणजे सापडला तर ताजाच. भूमिगत चाचणीतही बाकीचे किरणोत्सारी पदार्थ बहुतांशी खडकात अडकतात, हा वायू मात्र भेगांतून वर येऊ शकतो.

१९४४ च्या शरद ऋतूत अमेरिकी ए-२६ विमानांनी जर्मनीतील संशयित ठिकाणांवरून कमी उंचीवर उडत हवेचे नमुने आणले. झेनॉन मिळाला नाही. जर्मनांची एकही अणुभट्टी चालू अवस्थेत पोहोचली नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले.

अल्वारेझ स्वतः ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर स्फोटाची तीव्रता मोजणाऱ्या विमानात होते. १९६८ मध्ये त्यांना कणभौतिकीसाठी नोबेल मिळाले. डायनोसॉर उल्कापातामुळे संपले, हा सिद्धांत मांडणाऱ्यांतही ते होतेच!

१९७९ चा वाद काय?

२२ सप्टेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या व्हेला उपग्रहाने दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिणेकडील समुद्रावर दुहेरी झोत टिपला. ही अणुस्फोटाची खूण. संशय दक्षिण आफ्रिका आणि इस्रायलवर होता. व्हाइट हाउसने नेमलेल्या समितीत अल्वारेझ होते. हवेच्या नमुन्यांत किरणोत्सार मिळाला नव्हता. तो झोत बहुधा अणुस्फोटाचा नसावा, उपग्रहावर सूक्ष्म उल्का आदळल्याने तसे दिसले असावे, असा समितीचा कल राहिला.

इथेच खरी मेख आहे. १९४४ मध्ये विमाने नेमक्या ठिकाणांवरून गेली होती, त्यामुळे रिकाम्या नमुन्याला वजन होते. अथांग समुद्रावर मात्र नमुना चुकीच्या हवेतून घेतला जाण्याची शक्यता कितीतरी मोठी. अमेरिकेतीलच अनेक तज्ज्ञांनी तेव्हा समितीशी असहमती दाखवली होती.

अल्वारेझ १९८८ मध्ये गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. १९७९ च्या त्या घटनेनंतर ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या थायरॉइड ग्रंथींत आयोडीन-१३१ आढळले होते. तो अणुस्फोटच होता, असा या निबंधाचा निष्कर्ष आहे.