पीक मोजलं, मग भूक मोजली : बुधचे डॉ. सुखात्मे

पीक कापणी प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितला असेल. गावातले काही सर्व्हे नंबर चिठ्ठी काढावी तसे निघतात. मग तलाठी भाऊसाहेब किंवा आमच्या कृषी खात्याचा माणूस टेप, दोरी, खुंट्या घेऊन बांधावर हजर होतो. ज्वारी-बाजरीत सहसा १० मीटर लांब अन् ५ मीटर रुंद तुकडा आखायचा, आतलं पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तुकड्यावरून साऱ्या मंडळाचं उत्पन्न कसं कळणार? ही पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत ज्यांचं नाव पुढे येतं, त्या माणसाची ही गोष्ट आहे. पुढे त्यांनी पिकासारखीच माणसांची भूकही मोजली.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातील बुध गावचा. हा मुलूख दुष्काळी, हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि संख्याशास्त्र शिकायला लंडनला गेले. १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. परत आल्यावर त्यांची भेट पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी झाली. तुमच्या या आकडेमोडीचा गरिबाच्या पोटाला काय उपयोग, असं पंडितजींनी विचारलं आणि तरुण सुखात्म्यांना समाधानकारक उत्तर देता आलं नाही, असं सांगतात. त्यांचं पुढचं आयुष्य बघितलं तर ते हेच उत्तर शोधण्यात गेलं असं वाटतं.

नजर अंदाज ते प्रत्यक्ष कापणी

१९४० साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्या काळी पिकाचा अंदाज नजरेने घेत. पीक इतके आणे आहे, असं पटवाऱ्यानं लिहिलं की तेच वरपर्यंत जाई. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठी पद्धतीने शेत निवडून प्रत्यक्ष कापणीवर भर दिला. कलकत्त्याचे प्रा. महालनोबीस फार लहान तुकडे कापून अंदाज घेत असत. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं ताट कापणारा माणूस आतच धरतो. तुकडा जितका लहान, तितका या काठावरच्या ताटांचा हिस्सा मोठा.

जगाची भूक

१९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. रोमला जवळजवळ वीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्राचं काम सांभाळलं. जगातले दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. सुखात्म्यांनी देशोदेशीच्या आहार पाहण्यांचे आकडे तपासून १९६१ साली हिशोब मांडला. पोटालाच कमी मिळतं असे लोक शंभरात १० ते १५. पण त्यात निकस आहारवाले धरले तर आकडा निम्म्यापर्यंत जातो.

त्यानंतर प्रथिनांचा गाजावाजा सुरू झाला. गरिबांची मुलं सुकतात, पाय सुजतात, ती प्रथिनं कमी पडल्यामुळे. तेव्हा प्रथिनांची खास पिठं वाटा, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणू लागले. सुखात्म्यांनी १९७० च्या सुमारास भारतातल्या आहाराचे आकडे घेऊन दाखवलं की दुखणं बहुतांशी वेगळंच आहे.

तुम्हीच हिशोब करा. एखादा मजूर दिवसाला ४०० ग्रॅम ज्वारी अन् ५० ग्रॅम तूरडाळ खातो. ज्वारीत शंभराला सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, डाळीत सुमारे २२. म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं झाली, गरजेच्या जवळपास. पण उष्मांक झाले जेमतेम १६००, आणि राबणाऱ्या गड्याला लागतात २७०० च्या घरात. मग शरीर काय करतं? चुलीला सरपण नसलं की घराचा वासा जाळावा, तसं ते प्रथिनंच जाळतं. औषध म्हणजे भाकरी-वरणच, पण पोटभर.

पुण्यातला वाद

निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी २२५० उष्मांक ही कसोटी लावून देशाचं दारिद्र्य मोजलं. सुखात्म्यांना ते पटलं नाही. शनिवार पेठेत वाड्याच्या ओसरीवर बसून लिहिणाऱ्याची आणि खटावात औत हाकणाऱ्याची गरज सारखी नसते, हे कोणीही मान्य करील. सुखात्मे याच्याही पुढे गेले. एकाच माणसाची गरजही दर आठवड्याला खालीवर होते आणि काही मर्यादेत शरीर जुळवून घेतं, तेव्हा सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर टीकाही झाली, अन् ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. भुकेल्यांची संख्या कागदावर कमी झाली की सरकार निर्धास्त होतं. शिवाय कमी खाऊन जगणारा माणूस निरोगीच असेल असं नाही. काम कमी करून, अंग आखडून तो निभावतो. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. पण त्यांचा एक मुद्दा विरोधकांनाही नाकारता आला नाही. पाणी घाण असेल, पोटात जंत असतील, मूल सारखं हगवणीनं आजारी असेल, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून धान्याबरोबर शुद्ध पाणी आणि स्वच्छता हवी, हे ते सांगत राहिले.

२८ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सुखात्मे गेले. त्यांच्या नावानं संख्याशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार ठेवण्यात आला.

आपण काय घ्यायचं? शेतकऱ्यांनी मुलाला महागडा पावडरीचा डबा आणण्याआधी घरात दोन वेळचं पोटभर अन्न, डाळ आणि निर्मळ पाणी आहे ना, हे बघावं. आणि गावपातळीवर काम करणाऱ्या आपण सर्वांनी कापणीचा तुकडा चिठ्ठीनं निघेल तिथेच आखावा; चावडीत बसून फॉर्म भरू नये. अंगणवाडीतल्या मुलाचं वजनही काट्यावरच घ्यावं, अंदाजानं लिहू नये. आकडा खोटा पडला की विम्याची भरपाई चुकते अन् भुकेचा इलाजही चुकतो.