गाय भरवायच्या डब्यापासून रॉकेटच्या टाकीपर्यंत : जेम्स ड्यूअर

बीड : गाय माजावर आली की डॉक्टर गाडीला एक जाड डबा बांधून येतात. झाकण काढलं की धूर निघाल्यासारखं दिसतं. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो, त्यात कांड्या. हा डबा मूळ ज्यांच्या डोक्यातून निघाला, ते जेम्स ड्यूअर.

जन्म २० सप्टेंबर १८४२, स्कॉटलंडमधलं किंकार्डिन गाव. दहा वर्षांचे असताना गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटला अन् पोरगं पाण्यात गेलं. ताप सांध्यांत बसला, बराच काळ नीट चालताही येईना. त्या दिवसांत गावच्या सुताराकडं बसून ते व्हायोलिन बनवायला शिकले. हात तिथंच बसला.

१८७७ पासून ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक. ऑक्सिजन गार करून पातळ करता येत होता, पण ठेवायचा कशात? बाहेरची ऊब लागली की उकळून उडून जायचा. १८९२ मध्ये त्यांनी एकात एक दोन भांडी बसवून मधली हवाच काढून टाकली. आपला चहाचा थर्मास तो हाच. पण पेटंट घेतलं नाही. पैसा पुढं एका जर्मन कंपनीनं कमावला, ड्यूअर बघत राहिले.

१० मे १८९८ ला त्यांनी हायड्रोजनही पातळ केला. उणे २५३ अंश! काम जिवावरचं होतं. प्रयोगशाळेतल्या स्फोटांत दोन मदतनिसांचा एकेक डोळा गेला. नाव झालं ते साहेबांचं, हेही सांगायला पाहिजे.

तोच हायड्रोजन आज रॉकेटचं इंधन आहे. ५ जानेवारी २०१४ ला इस्रोचं जीएसएलव्ही भारतीय क्रायोजेनिक इंजिनावर यशस्वी झालं. अडचण मात्र ड्यूअर यांचीच. टाकी पक्की बंद केली तर वाफेच्या दाबानं फुटेल, उघडी ठेवली तर इंधन उडून जाईल. म्हणून व्हॉल्व्हमधून थोडी थोडी वाफ सोडतात. डॉक्टरांच्या डब्याचं झाकण सैल असतं, तेही याचसाठी. परत जमिनीवर उतरणाऱ्या रॉकेटात आणखी एक भानगड. उन्हाळ्यात आपल्याकडं येणारा पाण्याचा टँकर अर्धा रिकामा असला की वळणावर कसा डुलतो? तसंच उरलेलं इंधन टाकीत हिंदकळतं अन् रॉकेटचा तोल जातो. त्यासाठी आत आडव्या पट्ट्या बसवतात.

ड्यूअर २७ मार्च १९२३ ला लंडनमध्ये वारले. नोबेल मिळालं नाही. तीनच वर्षांनी, १६ मार्च १९२६ ला, अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी पेट्रोल अन् द्रव ऑक्सिजनवर पहिलं रॉकेट सोडलं. ते अडीच सेकंद उडालं.