ज्याचं नाव घोणशीला मिळालं

गल्लीत साप निघाला की दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो आणि तिसऱ्या मिनिटाला निकाल लागतो. कोणी नाग ठरवतं, कोणी थेट रसेल्स वायपर. पुष्कळदा ती बिचारी धामण असते आणि खरं कळेपर्यंत काठीखाली गेलेली असते. या गडबडीत आपण ज्याचं नाव सहज घेतो, तो रसेल होता तरी कोण? माहीत करून घ्या. कारण विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे साध्या माणसाला ओळखता यावं यासाठी हा डॉक्टर अडीचशे वर्षांपूर्वी झटला होता.

पॅट्रिक रसेलचा जन्म 1726 चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा. वडील नावाजलेले वकील. पॅट्रिक मात्र डॉक्टर झाला आणि 1750 मध्ये सीरियातल्या अलेप्पो शहरी आपल्या सावत्र भावाकडे, अलेक्झांडरकडे गेला. तो तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा डॉक्टर होता. भाऊ मायदेशी परतल्यावर ती जागा पॅट्रिककडे आली. 1760 ते 1762 या काळात अलेप्पोत प्लेगने थैमान घातलं. रसेल तिथेच राहिला, रोगी पाहत राहिला आणि सगळं लिहून ठेवत राहिला. त्या अनुभवावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ 1791 मध्ये छापून आला. लोक घाबरलेले असताना आपण नीट बघायचं आणि नोंद ठेवायची, ही रीत त्याने पुढे सापांच्या बाबतीतही सोडली नाही.

1781 मध्ये तो भारतात आला. त्याचा भाऊ क्लॉड ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी होता आणि त्याची नेमणूक विशाखापट्टणमला होती. रसेलचं वय तेव्हा 55. आपल्याकडे या वयात माणूस रिटायरमेंटचा हिशोब मांडतो; या गड्याने नवा विषय हातात घेतला. 1785 मध्ये कंपनीने त्याला मद्रास इलाख्याचा निसर्गतज्ज्ञ नेमलं. झाडं, मासे, बांबूच्या पेरात सापडणारं वंशलोचन, सगळ्यावर त्याने लिहिलं. पण सर्वात मोठा प्रश्न होता सर्पदंशाचा. साप चावला की कोणता चावला हेच कळायचं नाही. मग उपाय तरी कशावर करणार?

रसेलने कामाला सुरुवात केली ती साप गोळा करून आणि गावकऱ्यांची नावं टिपून. त्याच्या पुस्तकात तेलुगू नावं जशीच्या तशी आली आहेत. झूऑलॉजीला असाल तर मण्यारीचं बंगारस हे शास्त्रीय नाव पाठ असेल. ते त्याने नोंदवलेल्या बंगारम या तेलुगू नावावरूनच आलं. विषाचा परिणाम समजावा म्हणून त्याने कुत्री आणि कोंबड्यांवर प्रयोग केले. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. सर्पदंशावर तंजावरची एक गोळी फार गाजलेली होती. तीही त्याने ऐकीव कीर्तीवर न सोडता तपासून पाहिली. काटुक रेकुल पोडा नावाचा एक साप युरोपीय लोकांना फारसा ठाऊक नव्हता. तो नागाच्या खालोखाल घातक असल्याचं रसेलने दाखवून दिलं. हीच आपली घोणस.

1787 मध्ये त्याने विषारी साप ओळखण्याविषयी एक टिपण लिहिलं आणि मद्रास सरकारने ते छापून वाटलं. 1789 मध्ये तो इंग्लंडला परतला. 1796 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा त्याचा सचित्र ग्रंथ निघाला आणि पुढच्याच वर्षी घोणशीला शास्त्रीय नावात रसेल चिकटला. दुसरा खंड भागाभागाने येत असतानाच, 2 जुलै 1805 रोजी, तो लंडनला वारला. उरलेले भाग 1809 पर्यंत छापून पूर्ण झाले. गंमत म्हणजे कुकरी जातीच्या एका निरुपद्रवी सापालाही इंग्रजीत रसेलचंच नाव आहे!

रसेलला बाहेरून पटकन दिसणारी सोपी खूण हवी होती. सगळ्या सापांना लागू पडेल अशी एकच खूण आजही कोणाकडे नाही. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, हा नियम नाग आणि मण्यारीपाशीच कोसळतो. म्हणून साप जोडीने लक्षात ठेवा. त्याचं काम पूर्व किनाऱ्यावरचं असलं तरी या जोड्या जळगाव-धुळ्यातही तुम्हाला भेटतील.

पहिली जोडी कवड्या आणि मण्यार. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर चढतो. रंग तपकिरी, पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळी-निळी, चकचकीत. पट्टे बारीक, बहुतेकदा जोडीजोडीने आणि शेपटीकडे जास्त ठळक. दुसरी जोडी धामण आणि नाग. धामणीला फणा नसतो. डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. ती नागाची मादी नाही. ती तुमच्या कपाशीच्या, केळीच्या शेतातले उंदीर खाते. तिसरी जोडी डुरक्या घोणस आणि घोणस. डुरक्याची शेपटी आखूड, अंगावर वेडेवाकडे डाग. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. बाथरूममधला गांडुळासारखा वाळा तर मुंग्या-वाळवीवर जगतो. आणि मांडुळाला दोन तोंडं नसतात. त्याला पकडून विकणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

हे सगळं लांबून बघायचं. कवड्या समजून मण्यार हातात घेतली, तर चूक दुरुस्त करायला वेळ मिळेलच असं नाही. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. उन्हाळ्यात जमिनीवर झोपायची वेळ आली तर मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचा. साप घरात असेल तर एकाने त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा.

2000 ते 2019 या 20 वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. रसेलकडे विषावर उतारा नव्हता. आपल्याकडे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. त्यामुळे दंश झाला तर साप शोधत, मारत बसू नका. चिरा देणं, आवळून बांधणं, मंत्र, काहीच करू नका. 108 ला फोन लावा, चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. साप बिनविषारी होता की नाही, ते तिथे डॉक्टरांना ठरवू द्या.