गळ्यावरचा हात : थिओडोर कोखर

मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या गळ्यातली गाठ काढायचं ठरलं. ऑपरेशनआधी सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. सर्जननी चित्रं समोर ठेवून समजावलं. गाठ थायरॉईडच्या उजव्या भागात आहे, श्वासनलिका थोडी डावीकडे सरकलीय, पण गाठ छातीच्या हाडामागे उतरलेली नाही. म्हणून अर्धीच ग्रंथी काढायची. अर्धीच का? सगळी काढून मोकळं का नाही व्हायचं? हा प्रश्न घेऊन मी वाचत बसले आणि थिओडोर कोखरपाशी पोचले.

कोखर यांचा जन्म 1841 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. आई मोरेव्हियन पंथाची, श्रद्धाळू. तो भक्तिभाव मुलातही आयुष्यभर राहिला. 1872 मध्ये ते बर्नला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गावोगाव गलगंडाचे रोगी. काहींची गाठ इतकी वाढायची की श्वास कोंडायचा. पण ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी कितीतरी रोगी दगावत.

क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये. तेव्हा कोखर 54 वर्षांचे होते. तोवर गळ्याच्या आत डोकावायला खिडकीच नव्हती. बोटांनी चाचपायचं, श्वासाचा आवाज ऐकायचा आणि शरीररचनेचं ज्ञान पक्कं ठेवायचं, एवढीच साधनं. त्यांनी घाई सोडली. लिस्टरची जंतुनाशक पद्धत स्वीकारली, एकेक रक्तवाहिनी बांधत, आवाजाची नस जपत ते पुढे जात. 5000हून जास्त ऑपरेशनं त्यांनी केली आणि 1912पर्यंत मृत्यूचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणलं.

पण मला थांबवलं ते त्यांच्या यशानं नाही, चुकीनं. 1874 मध्ये त्यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची पूर्ण ग्रंथी काढली. जखम छान भरली. काही वर्षांनी कळलं, की मुलगी मंद झालीय, सुजलीय, तिची वाढच थांबलीय. धाकटी बहीण तिच्याहून उंच झाली होती. थायरॉईड शरीरात नेमकं काय करते, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. कोखरना गप्प बसता आलं असतं. जखम भरली, त्यांचं काम संपलं होतं. त्यांनी उलट जुन्या रोग्यांना परत बोलावून तपासलं. पूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेकांची तीच गत दिसली. 1883 मध्ये बर्लिनच्या सर्जन परिषदेत त्यांनी हे उघडपणे मांडलं, आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं.

याच चुकीतून थायरॉईडचं कार्य जगाला उमगू लागलं. 1909 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. 1917 मध्ये बर्नलाच त्यांचं निधन झालं.

आज कॅन्सरसारखं कारण असेल तर सगळी ग्रंथी काढतात, कारण नंतर हार्मोनची गोळी देता येते. पण किती काढायचं आणि काय राखायचं, हे सुरी उचलण्याआधी ठरतं, आणि त्यासाठीच ती चित्रं. मशीन नवं आहे, त्यामागचा प्रश्न मात्र कोखर यांचाच.

मावशीची अर्धी थायरॉईड शाबूत आहे, आवाजही. रविवारी चर्चच्या गायनवृंदात ती पुन्हा उभी राहते, तेव्हा मला ती बर्नची मुलगी आठवते. तिचं पुन्हा बरं होणं कोखरना साधलं नाही, पण तिच्याकडे त्यांनी पाठही फिरवली नाही.