नाशिकच्या जॅक्सनवर झाडलेलं 'ब्राउनिंग' बनवलं कुणी? लोहारकामातून घडलेल्या माणसाची गोष्ट

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप द्यायचा म्हणून तो ठेवलेला. तिथंच कोवळ्या वयाच्या अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ही हकिकत आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण कान्हेरेंच्या हातातलं ते पिस्तूल आलं कुठून, हे फारसं कुणी सांगत नाही. ते होतं 'ब्राउनिंग'. आणि ब्राउनिंग हे एका माणसाचं आडनाव.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या यूटा भागात, ओग्डेन गावी झाला. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करायचे. तीन बायका, बावीस पोरं असा मोठा खटला. जॉन दुकानातच वाढला. दहा-एक वर्षांचा असताना त्यानं भंगारातली जुनी नळी आणि लाकडाची फळी जोडून बंदूक तयार केली आणि धाकट्या भावाला, मॅटला घेऊन पाखरं मारायला गेला.

१८७९ साली वडील वारले. त्याच वर्षी जॉन यांना एका रायफलीचं पहिलं पेटंट मिळालं. भावांनी मिळून कारखाना काढला, पण हातानं घडवून अशा किती घडणार? १८८३ मध्ये विंचेस्टर या बड्या कंपनीचा माणूस थेट ओग्डेनला आला आणि ८,००० डॉलर मोजून त्या रायफलीचे हक्क घेऊन गेला. पुढं एकोणीस वर्षं ब्राउनिंग नवनवीन बंदुका करत गेले आणि विंचेस्टर विकत घेत गेली.

एकदा चांदमारीच्या वेळी त्यांचं लक्ष गवताकडं गेलं. गोळी सुटली की नळीच्या तोंडाशी गवत आडवं व्हायचं. एवढा जोर फुकट जातोय, तोच वापरून बंदूक आपली आपण भरली तर? इथून त्यांच्या आपोआप भरणाऱ्या हत्यारांची सुरुवात झाली.

त्या काळी खिशातलं हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर. त्यात गोल फिरणारं चाक, त्यामुळं ते जाड आणि अवजड. ब्राउनिंग यांनी काडतुसं मुठीत एकावर एक बसवली. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं वरचा भाग मागं सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढं येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. चाक गेलं, पिस्तूल चपटं झालं.

१८९७ मध्ये बेल्जियममधल्या हर्स्टाल गावच्या एफएन कारखान्याशी त्यांचा करार झाला. पहिलं आलं १८९९ चं मॉडेल. त्याची नळी होती १२२ मिलिमीटर. दुसऱ्याच वर्षी ती १०२ मिलिमीटरवर आणली आणि १९०० चं मॉडेल तयार झालं. सात गोळ्यांचं, कोटाच्या खिशात सहज मावणारं. त्याच्यापुढं १८९९ चं मागं पडलं, म्हणून आज ते दुर्मिळ आहे.

तिकडं अमेरिकेत कोल्ट कंपनीनंही १९०० मध्ये ब्राउनिंग यांचं पिस्तूल काढलं. त्यात एक गंमत होती. नेम धरायची मागची खूण खाली दाबली की पिस्तूल बंद. वापरणाऱ्यांना ते काही रुचलं नाही. कंपनीनं ती सोय काढून टाकली, दुरुस्तीला आलेल्या पिस्तुलांतूनही काढली. आता ती मूळ खूण शाबूत असलेलं पिस्तूल सापडलं, तर शौकीन लोक लाखो रुपये मोजतात. त्या वेळी जे चुकलं म्हणून टाकून दिलं, त्यालाच आज भाव आहे.

जे जमलं, ते मात्र जगभर गेलं. लष्करी अधिकाऱ्यांना सोयीचं म्हणून पिस्तूल लहान केलं होतं. पण जे अधिकाऱ्याच्या खिशात मावतं, ते त्याच्यावर चालून येणाऱ्याच्याही खिशात मावतं. ऑक्टोबर १९०९ मध्ये कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी हार्बिन स्टेशनवर जपानचे बडे नेते इतो यांना मारलं, ते १९०० च्या मॉडेलनं. दोनच महिन्यांनी नाशिक. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत वीस ब्राउनिंग पिस्तुलं चोरून पाठवली होती, त्यांचा माग खटल्यात निघाला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. सावरकरांना अंदमान. आणि १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली गेली, पहिलं महायुद्ध पेटलं. तिथंही ब्राउनिंगच, १९१० चं मॉडेल.

कारागिराला प्रत्येक स्क्रू माहीत असतो, पण वस्तू कुणाच्या हाती जाईल हे त्याच्या हातात नसतं.

१९११ मध्ये अमेरिकी लष्करानं चाचणीत त्यांच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या. एकदाही अडकलं नाही. ते पिस्तूल लष्करानं सत्तरहून अधिक वर्षं वापरलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचीच सुधारित ५०० पिस्तुलं शिलाई मशिनवाल्या सिंगर कंपनीनं बनवली. तीही आज भारी दुर्मिळ.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टालच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या ऑफिसात ब्राउनिंग यांचं हृदय बंद पडलं. वय ७१, नावावर १२८ पेटंट. तेव्हा एक पिस्तूल अर्धवट राहिलं होतं. कारखान्यातल्या द्युदोने सेव्ह यांनी ते पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. पुढं तेच पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागलं आणि आपल्या जवानांच्या कमरेला लागलं. तुमच्या गावात कुणी निवृत्त फौजी असतील तर त्यांना '९ एमएम'बद्दल विचारून बघा.